व्हिन्सेंट रोड ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग : एका रस्त्याची व त्याच्या नावांची हकिगत

दरवर्षी 6 डिसेंबरला आपल्या तेरखेड्यातून व आसपासच्या गावांतून समाजबांधव चैत्यभूमीला जातात. बार्शी किंवा कुर्डुवाडी गाठायची, रात्रीची गाडी धरायची, पहाटे दादरला उतरायचे आणि गर्दीबरोबर पश्चिमेच्या बाजूला बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालू लागायचे, हा आपला ठरलेला क्रम आहे. मीही अनेक वर्षे असाच गेलो. एके वर्षी आमच्याबरोबर अकरावीत शिकणारा एक विद्यार्थी होता. शिवाजी पार्ककडे जाताना त्याने मला विचारले, "गुरुजी, बाबासाहेबांची अंत्ययात्रा याच रस्त्याने आली होती का?" मी जराही विचार न करता "होय" म्हणालो. शिक्षक माणसाला "माहीत नाही" म्हणणे जड जाते. पुढे बाबासाहेबांची चरित्रे नीट वाचली तेव्हा लक्षात आले की मी त्या मुलाला चुकीचे उत्तर दिले होते. तो विद्यार्थी आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. त्याला व त्याच्यासारख्या इतर विद्यार्थ्यांना खरे उत्तर मिळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत झाले. त्यांचे पार्थिव विमानाने रात्री मुंबईला आणले गेले व दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या त्यांच्या निवासस्थानी ठेवण्यात आले. 7 डिसेंबरच्या दुपारी तेथून अंत्ययात्रा निघाली. येथे मुंबईचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. राजगृह हे रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आहे आणि चैत्यभूमीची जागा पश्चिमेला, समुद्रकाठी आहे. दोहोंना जोडणारा टिळक पूल दादर स्टेशनालगतच आहे. सरळ पूल ओलांडला असता तर थोड्याच वेळात पोहोचता आले असते. पण अंत्ययात्रा तशी गेली नाही. ती व्हिन्सेंट रोडने दक्षिणेला वळली, परळच्या पोयबावडीपर्यंत गेली, तेथून एल्फिन्स्टनच्या पुलावरून रेल्वेच्या पश्चिमेला उतरली आणि गोखले रोडने पुन्हा उत्तरेला येऊन दादरच्या चौपाटीवर पोहोचली. म्हणजे जवळची वाट सोडून मोठा वळसा घातला गेला. संध्याकाळी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत लाखावर लोकांनी तेथेच धम्मदीक्षा घेतली.

हा वळसा कशासाठी घातला असावा? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर त्या वाटेवरच्या वस्तीत आहे. परळ, लालबाग, नायगाव हा गिरण्यांचा व गिरणी कामगारांचा भाग होता. बाबासाहेबांचे आयुष्याचे कितीतरी दिवस याच भागात गेले होते. जो रस्ता तेव्हा व्हिन्सेंट रोड म्हणून ओळखला जात होता, त्यालाच पुढे बाबासाहेबांचे नाव मिळाले. भायखळ्यापासून शीवपर्यंत आठ-नऊ किलोमीटर जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग तो हाच. मुंबई बेटावरचा हा दक्षिणोत्तर वाहतुकीचा एक प्रमुख रस्ता. शीवच्या पुढे तोच पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो आणि तेथून वाहने ठाण्याकडे जातात.

हा रस्ता नीट समजून घ्यायचा तर थोडे मागून, दक्षिणेकडून निघावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या उत्तरेला महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. मंडईची इमारत 1869 साली पूर्ण झाली. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले हे आपण जाणतो. गुरूच्या नावाच्या मंडईपासून निघालेली वाट पुढे शिष्याच्या नावाच्या रस्त्याला जाऊन मिळते, हा योगायोगच. पण मला तो आवडतो.

मंडईपासून मोहम्मद अली रोड सुरू होतो. खिलाफत चळवळीतील नेते मौलाना मोहम्मद अली यांचे ते नाव. पुढे इब्राहिम रहिमतुल्ला रोड आहे. सर इब्राहिम रहिमतुल्ला हे मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. हा भाग म्हणजे भेंडी बाजार. येथे पूर्वी भेंडीची झाडे होती म्हणून हे नाव पडले, असे एक मत आहे. दुसरे मत गमतीचे आहे : इंग्रज 'बिहाइंड द बझार' म्हणजे बाजाराच्या मागची वस्ती म्हणत, त्याचा भेंडी बाजार झाला! मला झाडांचे मत अधिक पटते, कारण या संबंध रस्त्यावर झाडांची नावे इतकी आहेत की आणखी एक असणे नवलाचे नाही. पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाचे जे. जे. रुग्णालय लागते. त्याची सुरुवात 1845 साली झाली. या सगळ्या गर्दीवरून 2002 साली उड्डाणपूल झाला आणि त्याला माहीमचे सुफी संत मखदूम अली माहिमी यांचे नाव देण्यात आले. खालून पायी जाणाऱ्याला जी नावे भेटतात, ती पुलावरून जाणाऱ्याला दिसतही नाहीत.

भायखळ्यापासून आपला रस्ता सुरू होतो. भायखळा या नावात 'खळे' आहे असे जाणकार सांगतात. आपल्या शेतकरी माणसाला खळे समजावून सांगायला नको. पहिला शब्द 'भाया' म्हणजे बाहवा, उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडणारे झाड. बाहव्याच्या झाडाजवळचे खळे ते भायखळा. आज तेथे उभे राहून खळ्याची कल्पना करणे कठीण आहे. पण नावाने ती आठवण जपली आहे.

जवळच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. 1862 साली ते व्हिक्टोरिया गार्डन म्हणून उघडले. मराठी माणसाने त्याला राणीचा बाग, राणीबाग म्हटले. सरकारी नाव बदलून जिजामातेचे झाले तरी तोंडात राणीबागच राहिली. उद्यानाच्या आवारातच वस्तुसंग्रहालय आहे. ते 1872 साली 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट' या नावाने सुरू झाले आणि 1975 पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. विद्यार्थ्यांनी हे नाव विशेष लक्षात ठेवावे. भाऊ दाजी हे मुंबईतील नामांकित डॉक्टर तर होतेच, शिवाय प्राचीन लेख वाचणारे संशोधकही होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत त्यांची गणना होते. 1860 नंतरच्या काळात, बौद्ध इतिहासाचे नावही आपल्या समाजाच्या कानावर पडले नव्हते तेव्हा, एक मराठी डॉक्टर अजिंठ्याच्या भिंतीवरची अक्षरे उतरवून घेत होता. संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, तोही पाहावा.

पुढे चिंचपोकळी, लालबाग, परळ. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची खोलगट जागा. लालबाग ही बाग, आणि परळकडील रस्त्याच्या एका भागाचे जुने नाव सुपारीबाग रोड. इंग्रजांच्या काळात भेंडी बाजाराकडून भायखळ्यामार्गे परळला जाणाऱ्या रस्त्याला सरळ 'परळ रोड' म्हणत. परळला गव्हर्नरचा बंगला होता, म्हणून या रस्त्याचे महत्त्व. पुढे गव्हर्नर तेथून हलले आणि त्याच वास्तूत प्लेगवरील लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

आता 'परळ' या नावाकडे येऊ, कारण त्यात आपल्या मराठवाड्याचा संबंध सांगितला जातो. एक व्युत्पत्ती अशी की येथे पाडळीची झाडे होती, त्यावरून परळ. दुसरी अशी की जुन्या काळी येथे येऊन राहिलेल्या लोकांनी परळी वैजनाथच्या महादेवावरून हे नाव दिले. परळी वैजनाथ म्हणजे शेजारच्या बीड जिल्ह्यातली. दोन्हींपैकी कोणती खरी याचा निर्णय मी करणार नाही. पण गाव सोडून गेलेला माणूस पहिली वस्तू कोणती नेत असेल तर ती गावाचे नाव, एवढे मात्र आपण आपल्या मुंबई-पुण्याला गेलेल्या नातेवाइकांवरून जाणतो.

परळमध्येच बी. आय. टी. चाळी आहेत. 'बी. आय. टी.' म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 1896 साली मुंबईत प्लेग आला. कोंदट वस्त्या, अंधाऱ्या खोल्या, सांडपाणी यांमुळे माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. सरकारने 1898 साली हा ट्रस्ट स्थापन केला. त्याने दाट वस्त्या मोडल्या, रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याकडची शेते-वाड्या घेऊन तेथे आखीव वसाहती वसवल्या. दादर-माटुंग्याकडचा हा रुंद रस्ता याच आखणीतून तयार झाला. त्याला व्हिन्सेंट रोड, किंग्जवे अशी इंग्रजी नावे मिळाली. म्हणजे बाबासाहेब ज्या चाळीत राहिले ती चाळ आणि पुढे ज्या रस्त्याला त्यांचे नाव मिळाले तो रस्ता, दोन्हींच्या मागे एकच ट्रस्ट व एकच रोगाची साथ आहे.

परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब 1912 ते 1934 अशी बावीस वर्षे राहिले. दोन लहान खोल्या, सार्वजनिक नळ आणि सभोवती कामगारांचा संसार. परदेशी शिक्षण, वकिली, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार हे सर्व या मुक्कामाच्या काळातले. जवळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी त्यांनी सभा बोलावली आणि त्यातून 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. आपल्यासारख्या गावोगावच्या संस्थांची ती आजीच म्हणायची. दामोदर हॉलची जुनी इमारत पुनर्विकासासाठी अलीकडेच पाडण्यात आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना आता पाहता येणार नाही.

गिरण्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिरणीत सर्व जातींचे लोक एका छपराखाली काम करत, म्हणून तेथे जातिभेद नव्हता असे काही जण सांगतात. ते खरे नाही. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो धागा 'विटाळतो' अशी समजूत होती. 1928 च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला होता. लालबाग-परळच्या पुलावरून आज मोटारी वेगाने जातात, आणि खाली गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. त्या जागांवर काम करणाऱ्यांचे हे दुःख कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही.

या रस्त्यावरची आणखी एक मौज. जिजामाता उद्यान झाले, लालबागला 'भारतमाता' चित्रपटगृह, परळच्या पुढे 'हिंदमाता' चित्रपटगृह. तीन माता एका रस्त्यावर! शीवला राणी लक्ष्मीबाई चौक आहे तो वेगळाच. पहिल्या नावामागे निदान सरकारचा ठराव आहे. पण हिंदमाता हे नाव एका सिनेमागृहाचे, ते लोकांनी संबंध परिसराला देऊन टाकले. पावसाळ्यात मुंबई तुंबली की बातम्यांत पहिले नाव हिंदमाताचे येते.

दादर म्हणजे जिना, पायरी. माहीमकडे चढून जाण्याची पायरी म्हणून दादर, असा अर्थ लावला जातो. येथल्या चौकाच्या भागाला लोक 'दादर टी. टी.' म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामगाडीचे शेवटचे ठिकाण. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्राम कायमची बंद झाली. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, टी. टी. मात्र अजून आहे. आपल्याकडेही वडाचे झाड पडून गेले तरी त्या थांब्याला 'वडाखाली'च म्हणतात, तसेच हे.

टी. टी. जवळच हिंदू कॉलनी, आणि तेथे राजगृह. बाबासाहेबांनी मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव आपल्या घराला दिले, तेव्हा धर्मांतराची घोषणाही व्हायची होती. येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. राजगृहात ते 1934 मध्येच राहायला आले होते. ज्या घरात पन्नास हजारांवर ग्रंथ असल्याचे सांगितले जाते, त्याच घरात 27 मे 1935 रोजी माता रमाईंनी शेवटचा श्वास घेतला. घराचे नाव काय ठेवले यावरून माणसाच्या मनात काय चालले आहे ते कळते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढे माटुंगा. 'मातंग' म्हणजे हत्ती; बिंबराजाचे हत्ती येथे बांधत अशी दंतकथा आहे. मग राजाच्या नावाचे किंग्ज सर्कल, ज्याला आता महेश्वरी उद्यान हे नाव आहे. शेवटी शीव. इंग्रजीत त्याचे 'सायन' झाले. शीव म्हणजे गावाची हद्द, आपण 'शिवार' म्हणतो त्यातलीच. मुंबई बेट येथे संपत होते व पुढे खाडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकन यांच्या काळात येथे बांध घातला गेला आणि साष्टीकडे कोरड्या पायांनी जाता येऊ लागले. गावाच्या शिवेबाहेर ज्यांची वस्ती ठेवली जात होती, त्या समाजातून आलेल्या महापुरुषाच्या नावाचा रस्ता मुंबईच्या मधोमध जातो आणि शिवेला जाऊन थांबतो. हे वाचून कोणी भावनाप्रधान म्हटले तरी चालेल.

आता एक तक्रार. या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, बिले, पत्ते पाहिले तर त्यांवर 'डॉ. बी. ए. रोड' असे लिहिलेले आढळते. पाटीवर जागा नसते हे मान्य. पण एका मुलाने मला निरागसपणे विचारले, "बी. ए. झालेल्या डॉक्टरांचा रस्ता आहे का?" तेव्हा हसावे की रडावे कळेना. फुले मंडईच्या परिसरात माता रमाबाई आंबेडकर मार्ग आहे. तेथील पोलीस ठाणेही त्याच नावाचे. लोक त्याला 'एम. आर. ए. मार्ग' म्हणतात. पतीचे नाव दोन अक्षरांत, पत्नीचे तीन अक्षरांत. पंतप्रधान लाल बहादूर शास्त्रींचेही 'एल. बी. एस.' झाले आहे, तेव्हा हा मुद्दाम केलेला अपमान आहे असे मी म्हणणार नाही. ती घाई आहे. परंतु नाव मिळवायला जिथे रक्त सांडले, तिथल्या माणसाला ही घाई खटकते.

मी मराठवाड्याविषयी बोलत आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्ष लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला, तेही 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा विस्तार करून. सोळा वर्षे. त्या काळात मोर्चाला गेलेली माणसे आजही आपल्या वस्तीत आहेत. त्यांच्यासमोर कोणी 'नावात काय आहे' म्हणू नये. आपल्या जिल्ह्याचेही नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद होते, ते 2023 साली धाराशिव झाले. आपल्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्गाला तर नावच नाही. आधी तो 211 क्रमांकाचा होता, आता 52 क्रमांकाचा आहे. फटाके घ्यायला येणारी गिऱ्हाइके 'हायवेवरचे तेरखेडा' म्हणतात, एवढीच त्याची ओळख.

मुंबईतही नावे बदलतच आहेत. एल्फिन्स्टन रोड स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झाले. करी रोडचे लालबाग आणि किंग्ज सर्कलचे तीर्थंकर पार्श्वनाथ करावे, असा ठराव 2024 साली विधिमंडळात झाला. ज्या एल्फिन्स्टन पुलावरून अंत्ययात्रा गेली तो जुना पूल 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला. तेव्हा 1956 ची वाट पावलोपावली तशीच चालणे आता शक्य नाही.

तरीही जेवढी चालता येईल तेवढी विद्यार्थ्यांनी चालून पाहावी. त्यासाठी 6 डिसेंबरची गर्दी टाळून दुसरा एखादा दिवस निवडावा. दादरला उतरल्यावर पश्चिमेला न जाता पूर्वेच्या बाजूला बाहेर पडावे. हिंदू कॉलनीत राजगृह पाहावे. तेथे आवाज न करता जावे, ते घर आहे. मग टी. टी.च्या चौकातून हातात वही घेऊन दक्षिणेला निघावे. हिंदमाता, पोयबावडी, परळ ही ठिकाणे ओळीने लागतील. पोयबावडीतल्या 'बावडी'चा अर्थ विहीर. ती कोणाची, कोणासाठी होती हे तेथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. बी. आय. टी. चाळीपर्यंत पोहोचायला सावकाश चालत तास पुरतो. वाटेत जेवढ्या पाट्यांवर बाबासाहेबांचे पूर्ण नाव दिसेल आणि जेवढ्यांवर नुसते 'बी. ए.' दिसेल, तेवढ्या दोन रकान्यांत लिहून आणाव्यात. पुढच्या स्मरणिकेसाठी ती वही मला हवी आहे.